दाखला मागणारी माती

वैशाखातली गोष्ट. आमच्या समा भागात, म्हणजे बडोद्याच्या उत्तर टोकाला, मुलीकडे राहायला आलेले एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ सकाळी सातच्या सुमारास वारले. वय ऐंशीच्या पुढचे. मूळचे नगर जिल्ह्यातले. उमेदीची सारी वर्षे गिरणीत फिटर म्हणून गेली. मुलीचे मराठी घरापुरते, जावयाचे गुजराती बाजारापुरते, आणि धावपळ करायला माणूस नाही. म्हणून मुलगी माझ्याकडे आली. "सर, तुम्ही जरा बोलून बघा," एवढेच म्हणाली.

मी बोलून बघितले. ज्या मंडळीत हे गृहस्थ सहा वर्षे दर रविवारी मागच्या बाकावर बसत, तिथे सांगण्यात आले की त्यांचे नाव सभासदांच्या पटावर नाही. जुन्या मंडळीचा दाखला त्यांनी आणलाच नव्हता. दफनभूमी सभासदांपुरती आहे. दुसरीकडे गेलो. तिथे पंथाचा प्रश्न निघाला. तिसरीकडे गेलो. तिथल्या कमिटीतल्या एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेतले, आवाज खाली आणला आणि विचारले, "तसे ते मूळचे कोणते?" मी म्हणालो, "नगरचे." ते म्हणाले, "ते कळले हो. पण मूळचे कोणते?"

चौथा माणूस वजनदार निघाला, त्याने फोन केला आणि चारच्या पुढे जागा मिळाली. तोवर बर्फाच्या दोन लाद्या वितळून गेल्या होत्या. कोणत्याही मंडळीचे नाव मी येथे घेत नाही. नाव घेतले तर उरलेल्या सुटतात. आणि सुटावे अशी त्यांतली एकही नाही. माझी स्वतःचीही नाही.

मी शाळामास्तर. दाखल्याचे महत्त्व मला कोणी सांगायला नको. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आम्हां मुख्याध्यापकांना बजावून ठेवले आहे की शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला दाराबाहेर ठेवता येणार नाही. सरकारी कायद्याला जे उमगले ते ख्रिस्ताच्या मंडळीला प्रेत दारात असताना उमगू नये, हे कसे?

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा जगभर ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करण्याचा म्हणून पाळला जातो. आमच्याकडेही पाळतात. एका पंथाचे पाळक दुसऱ्या पंथाच्या व्यासपीठावर जातात, फादर येतात, हार होतात, एकीवर भाषणे होतात, चहा होतो. २०२५ साली निकेया येथील धर्मपरिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा तर या भाषणांना भर आला होता. मी त्या सभांना जातो आणि पुढच्या रांगेत बसतो. म्हणूनच मला असे विचारण्याचा अधिकार आहे की, ही जी एकी आपण मागतो आहोत ती नेमकी कोणाची कोणाशी?

आपल्या मुलखात या एकीचा इतिहास लहान नाही. पश्चिम भारतात पंथ आले ते मिशनांबरोबर. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत पाय ठेवला व पुढे नगरला मूळ धरले. कोल्हापुरात प्रेस्बिटेरियन आले, दक्षिण गुजरातेत १८९४ पासून ब्रदरन आले, बडोद्यात अमेरिकन मेथडिस्ट आले. आमच्या पणज्यांनी पंथ निवडला असे नाही. ज्या गावात जे मिशन, तो आपला पंथ. नगरचा माणूस काँग्रिगेशनल झाला आणि बडोद्याचा मेथडिस्ट झाला, यात दोघांच्याही धर्मचिंतनाचा काही संबंध नव्हता. स्कॉटलंडातली आणि अमेरिकेतली भांडणे आपण वारशाने घेतली आणि पुढे ती पाठ केली.

ही विसंगती जुन्या लोकांना बोचत होती. १९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल एकत्र आले. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. उत्तरेत वाटाघाटी पुढे दोन तपे चालल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात, म्हणजे मराठी भूमीवर, सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अँग्लिकन आणि बाप्टिस्ट एका छताखाली येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. एकजण बिशपावाचून मंडळी मानीत नाही, दुसरा तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मानीत नाही. दोघांनी एकमेकांसाठी जागा केली. हे श्रेय त्या पिढीला दिलेच पाहिजे.

पण पुढे काय झाले? अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट वाटाघाटींत अखेरपर्यंत होते, आणि १९७० मध्येच ऐन वेळी बाहेर राहिले. बडोद्यात त्यांचेच प्राबल्य असल्याने आमच्या शहरात ऐक्याची वरात नवरदेवावाचूनच निघाली. दक्षिण गुजरातेतले ब्रदरन आत आले, पण त्यांच्यातला एक गट विलीनीकरण नाकारून बसला. प्रश्न जमिनीचा, इमारतींचा, ट्रस्टच्या मालमत्तेचा होता. खटला खालच्या न्यायालयापासून वर चढत गेला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने सार्वजनिक न्यासाची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते. न्यायालयाने श्रद्धेविषयी काही सांगितले नाही. सांगण्याचे कारणही नव्हते. आपणच त्याच्यापुढे श्रद्धा घेऊन गेलो नव्हतो, सातबारा घेऊन गेलो होतो.

सीमाभागातल्या वाचकांना आणखी एक गंमत सांगतो. कोल्हापूरची मंडळी उत्तरेच्या चर्चमध्ये, बेळगावची दक्षिणेच्या. दोन्ही चर्चे परस्परांचे प्रभुभोजन मानतात, त्यांची संयुक्त परिषदही आहे, हे खरे. तरीही ज्या सीमेवर आपण दोन-तीन पिढ्या भांडत आलो, तिथेच जवळपास एकीनेही आपली हद्द आखून घ्यावी, याला काय म्हणावे?

येथवर जे लिहिले ते पंथांविषयी. आणि खरे सांगायचे तर पंथ हा या दुखण्याचा सोपा भाग आहे. तो परदेशातून आलेला, म्हणून त्याविषयी मोकळेपणाने बोलता येते. त्या तिसऱ्या दारात मला जो प्रश्न हळू आवाजात विचारला गेला, तो कोणत्याही जहाजातून आला नव्हता.

या बडोदे शहरात १९१७ साली काय घडले हे शाळेतली मुले आज जाणतात. विलायतेहून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना जागा सोडावी लागली. इतके सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचे मात्र आपण ख्रिस्ती लोक सांगत नाही. बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही राहिलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. पुढे बाबासाहेबांना कळले की हे पतिपत्नी मूळचे ब्राह्मण. नवऱ्याचे विचार धर्मांतरानंतर मोकळे झाले होते, पण पत्नीचा सोवळेपणा तसाच राहिला होता, आणि अस्पृश्याला तिने घरात घेतले नसते. मग रात्रीच्या नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी येथल्या कामाठी बागेत काढला. ज्याला आज आपण सयाजीबाग म्हणतो, तीच ही बाग. समाहून फार दूर नाही.

त्या बागेत दर डिसेंबरात मी सहलीची मुले घेऊन जातो. वडाच्या झाडाशी उभे राहून मी त्यांना पारशी धर्मशाळेची गोष्ट सांगत आलो. ख्रिस्ती मित्राची गोष्ट कित्येक वर्षे गाळत आलो. दुसऱ्याचे पाप मोठ्याने आणि आपले मनातल्या मनात, ही आपली रीत. पारशी, हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात त्या दिवशी बडोद्यात पूर्ण एकमत झाले होते, आणि एवढी एकी आम्हांला नंतर कोणत्याही प्रार्थना-सप्ताहात साधलेली नाही.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. बरे, आजचे घेऊ. गोव्यात धर्मांतराला चारशे वर्षे उलटली, तरी लग्नाचे बोलणे निघाले की बामण, चारडो, सुदीर ही नावे निघतातच. आपल्या प्रॉटेस्टंट घरांत जातीचे नाव कोणी घेत नाही. 'कुठल्या गावचे', 'कोणत्या मिशनचे', 'मूळचे कोणते' असे विचारतात आणि तेवढ्यावर सारे उमजते. २०१६ साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले व जातिभेद चर्चच्या आतही आहे हे उघड मान्य केले. ती कबुली फार उशिरा आली, पण आली. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी इतक्या स्पष्ट शब्दांत तेवढे तरी म्हटले आहे काय?

आणि येथे आपला दुटप्पीपणा पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. या अन्यायाविरुद्ध सर्व पंथ दिल्लीत एकत्र उभे राहतात आणि सांगतात की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, चर्चमध्येही भेद सोसावा लागतो. मागणी न्याय्य आहे. माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. सरकारने यासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोगही नेमला. पण तीच मंडळी रविवारी व्यासपीठावरून सांगतात की ख्रिस्तात जात नाही! दिल्लीत एक जबाब आणि वेदीपाशी दुसरा. शाळेत एखाद्या मुलाने असे दोन जबाब दिले तर मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतो.

आता यावर मला जे उत्तर नेहमी मिळते ते येथेच नोंदवतो, कारण ते देणारी माणसे वाईट नाहीत. ती म्हणतात, "सर, दिवस बरे नाहीत. घरातली भांडणे आत्ता चव्हाट्यावर आणू नका." दिवस बरे नाहीत हे मी नाकारीत नाही. १९९८ च्या नाताळात डांग जिल्ह्यात प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, काही जाळली गेली. त्यानंतर महिन्याभरातच ओरिसात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळण्यात आले. गुजरातेत २००३ चा धर्मांतरविषयक कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. नाताळच्या रात्री गाणी म्हणत फिरणारी आमची मुले उशिरा परतली की आया दारात उभ्या असतात. हे सारे मी जगतो आहे.

पण भीतीने माणसे जवळ येतात ती खांद्याला खांदा लावून. एकमेकांच्या तोंडाकडे ती पाहत नाहीत. धोका टळला की पुन्हा आपापल्या घरी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या भागात शिरले तेव्हा एका गच्चीवर तीन पंथांची आणि चार जातींची माणसे एका पातेल्यातली खिचडी खात होती. शेजारचे हिंदू व मुसलमानही होते. कोणी कोणाला 'मूळचे कोणते' म्हणून विचारले नाही. पाणी ओसरले, गाळ काढला, आणि पुढच्या रविवारी जो तो आपापल्या बाकावर जाऊन बसला. त्याच गच्चीवर त्या फिटरकाकांनी माझ्या हातातले ताट घेऊन आधी लहान मुलांना वाढले होते. त्यांच्याच प्रेतासाठी आम्हांला नंतर तीन दारे हिंडावी लागली. पुरातली एकी खोटी होती असे मी म्हणत नाही. ती आम्ही जपली नाही, एवढेच म्हणतो.

शिवाय दुसरी गोष्ट. जो समाज आपल्यावर बाहेरून अन्याय होतो असे सांगतो, त्याच्या घरातला अन्याय शत्रू आधी शोधून काढतो. तो झाकून ठेवल्याने आपले बळ वाढत नाही. आपल्यातला जो सर्वांत दुबळा आहे, त्याला संकटाच्या काळात दोन्हीकडून मार बसतो. बाहेरचा त्याला ख्रिस्ती म्हणून मारतो, आतला त्याला दलित म्हणून मागे बसवतो. त्याला आपण कोणत्या तोंडाने एकी शिकवणार?

आपल्याकडे वेगळी वाट दाखवणारे कोणी झालेच नाहीत असेही नाही. ज्या १९१७ साली बाबासाहेब कामाठी बागेत बसले होते, त्याच साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ख्रिस्ताचे अनुयायी व्हायचे आहे अशा सर्वांना तेथे जागा होती. टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार फार वाढला नाही. मिशनच्या हिशेबात तो अपयशी ठरला असेल. मला मात्र शंभर वर्षांतला तोच सर्वांत मोठा ऐक्याचा ठराव वाटतो, कारण त्यात मालमत्तेचे कलम नव्हते.

आणि लक्ष्मीबाई! टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत त्या माउलीने सोवळ्याशी कसे भांडण केले, किती रडली, किती अडखळली, हे 'स्मृतिचित्रां'त तिने काहीही न लपवता लिहिले आहे. बडोद्यातल्या त्या अनामिक पत्नीत आणि लक्ष्मीबाईंत फरक धर्माचा नाही. दोघीही ब्राह्मण घरांतून आलेल्या. फरक इतकाच की एकीने आपले सोवळे नव्या देवळात सोबत नेले आणि दुसरीने ते रडत रडत का होईना, खाली ठेवले. ऐक्य म्हणतात ते स्वयंपाकघरात असे घडते. नागपूरच्या कॅथीड्रलमध्ये त्याचा फार तर समारंभ होतो.

भाषेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हा अंक ज्या घरांत वाचला जातो तिथे दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात. आमच्याकडे मराठी उपासना वेगळी, गुजराती वेगळी, मल्याळी वेगळी. आपल्या भाषेत प्रार्थना करण्यात काही गैर नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेव्हापासून ख्रिस्ती भक्ती मराठीत रुजलेली आहे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष लाभले, तेव्हा विरोधाचे सूर निघाले. पण संमेलन झाले आणि मराठीने त्यांना आपले मानले. आम्ही प्रॉटेस्टंटही त्या दिवशी आपला माणूस अध्यक्ष झाला म्हणून पेढे वाटीत होतो, तेव्हा पंथ आठवला नाही. भाषा माणसांना अशी जोडते. पण भाषेच्या आडून जेव्हा 'हे आपल्यातले नव्हेत' असे सुचवायचे असते, तेव्हा तीच भाषा दाखला मागू लागते.

हिंदू वाचकांनी हे सारे वाचून गालातल्या गालात हसू नये. महाराष्ट्रातल्या किती गावांत आजही जातवार स्मशाने आहेत, याची चौकशी आपापल्या गावी करावी. आमच्या दफनभूमीचा रोग आमचा एकट्याचा नाही. फरक असलाच तर एवढा की, आम्ही जगाला सांगत फिरतो की आम्ही त्यातून बरे झालो.

तेव्हा ऐक्याच्या पुढच्या सप्ताहासाठी माझ्या मागण्या चार आहेत आणि त्यांपैकी एकीलाही बिशपांची परिषद किंवा न्यायालय लागत नाही. पहिली, शहरातली प्रत्येक ख्रिस्ती दफनभूमी कोणत्याही पंथाच्या ख्रिस्ती प्रेताला खुली करावी. वर्गणी, दाखला आणि खर्च यांचा हिशेब मागाहून व्हावा. दुसरी, कमिट्यांवर आजवर कोणत्या घरांतली माणसे आली आणि कोणती कधीच आली नाहीत, हे प्रत्येक मंडळीने आपल्या वार्षिक सभेत वाचून दाखवावे. तिसरी, पंथ किंवा 'मूळ' वेगळे म्हणून ज्या मुलामुलींची लग्ने अडतात, त्यांच्यामागे पाळक व फादर यांनी जोडीने उभे राहावे. चौथी, जातिभेद आपल्यात आहे ही कबुली दिल्लीला देतो तीच रविवारी वेदीपाशी द्यावी. भाषणे त्यानंतर.

हे झाले नाही तर? तर काही होणार नाही. सप्ताह होईल, चहा होईल, पुढच्या वर्षी निमंत्रणपत्रिकेवर माझेही नाव असेल.

त्या संध्याकाळी मूठमाती देऊन आम्ही परतलो तेव्हा मुलीने मला विचारले, "सर, बाबांच्या कबरीवर कोणत्या चर्चचे नाव घालायचे?" मला उत्तर सुचले नाही. तिनेच थोड्या वेळाने सांगितले, "नावच नको. नुसते 'नगरचे' म्हणून लिहिते. तेवढे कोणी नाकारणार नाही."

दगड बसला आहे. त्यावर तेवढेच आहे.